सेनापती बापट आणि मुळशीची न ऐकलेली हरकत

वीजप्रकल्पाला हरकत घेणारा माणूस हा प्रगतीचा वैरी असतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आणि चिवट आहे. धरण बांधणाऱ्याजवळ नकाशे असतात, आकडे असतात, तज्ज्ञांचे अहवाल असतात. हरकत घेणाऱ्याजवळ मात्र आपली जमीन, आपले घर आणि आपले गाव यांखेरीज दाखविण्यासारखे काही नसते. त्यामुळे त्याचे म्हणणे अज्ञानात किंवा स्वार्थात जमा करून पुढे जाणे सोपे होते. महाराष्ट्रात या समजुतीची पहिली मोठी कसोटी १९२१ साली, पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या मुळशी पेट्यात लागली. त्या लढ्याच्या अग्रभागी जो माणूस उभा राहिला, तो यंत्रांना भिणारा नव्हता. यंत्रविद्या शिकण्यासाठीच तो विलायतेस गेला होता. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात, आणि ती अखेरपर्यंत त्यांच्या नावाला चिकटून राहिली. त्यांचे चरित्र क्रांतिकारकाचे म्हणून नेहमी सांगितले जाते. नागरिकाच्या हरकतीला राज्यव्यवस्थेत कोणते स्थान असावे, या प्रश्नाच्या दृष्टीनेही ते वाचण्याजोगे आहे.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका गरीब कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख होती. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीच्या बळावर १९०४ साली ते यांत्रिक अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एडिंबरो येथे गेले. त्या काळच्या मध्यमवर्गीय तरुणासमोर याहून उजळ भवितव्य क्वचितच असे. परंतु हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याच्या स्थितीवर त्यांनी तेथे केलेल्या भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली आणि आयुष्याची दिशाच पालटली. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांच्या वर्तुळात ते आले. बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी पॅरिसला गेले आणि ती माहिती घेऊन १९०८ साली मायदेशी परतले. अलिपूर बॉम्ब खटल्यात त्यांचे नाव निघाल्यावर सुमारे चार वर्षे त्यांनी अज्ञातवासात काढली. १९१२ साली त्यांना इंदूर येथे अटक झाली. पण पुरेशा पुराव्याअभावी १९१५ साली सुटका करावी लागली.

सुटकेनंतरच्या बापटांचे रूप निराळे होते. पारनेरात आणि पुण्यात ते पहाटे हातात झाडू घेऊन रस्ते झाडीत. लोकमान्यांच्या मराठा पत्रात त्यांनी काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशासाठी लेखणी झिजविली. १९२० साली मुंबईच्या सफाई कामगारांच्या संपात ते त्या कामगारांच्या बाजूने उभे राहिले. बॉम्बची विद्या शिकलेल्या या माणसाला समाजातील सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या हक्काचा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटू लागला होता. मुळशीची हाक आली ती अशा वेळी.

नीला-मुळेचे पाणी

मुळशीचा प्रकल्प समजण्यासाठी त्या काळच्या मुंबईकडे पाहावे लागते. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत आणि तो कोळसा दूरवरून आणावा लागे. तो महाग पडे, वेळेवर मिळेलच याची शाश्वती नसे, आणि त्याच्या धुराने शहर काळवंडून जाई. दुसरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो आणि माथ्यापासून कोकणचा तळ सरळ कडा उतरावा इतका खाली आहे. माथ्यावर पाणी अडवून ते नळांतून पश्चिमेकडे खाली सोडले, तर त्या उतारातून वीज निर्माण करता येते. हे तत्त्व टाटांनी लोणावळ्याच्या तलावांवर आणि खोपोलीच्या वीजकेंद्रात १९१५ पासून यशस्वी करून दाखविले होते. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधणे ही त्याच मालिकेतील योजना होती. त्यासाठी १९१९ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. देशी भांडवल, देशी उद्योजक, स्वच्छ शक्ती आणि स्वस्त उत्पादन, असे या योजनेचे राष्ट्रीय रूप होते. आणि ते खोटे नव्हते. बापटांच्या पक्षाची अडचणही यातूनच निर्माण झाली. समोर परकी सरकार एकटे नव्हते, त्याच्या जोडीला स्वदेशीचे नाव होते.

धरणाखाली जाणारा प्रदेश मावळचा. शिवकाळात ज्यांच्या बळावर स्वराज्य उभे राहिले, त्या मावळ्यांच्या वंशजांची ही सुमारे पन्नास गावे. डोंगरउतारावरून वाहून आलेली माती पिढ्यानुपिढ्या बांध घालून अडवावी, तिची खाचरे करावी आणि त्यांत भात लावावे, ही येथील शेतीची रीत. येथील आंबेमोहोर तांदळाची कीर्ती पुण्याच्या बाजारात होती. अशी जमीन निसर्गाने तयार दिलेली नसते. ती अनेक पिढ्यांच्या श्रमांचे साठलेले भांडवल असते. बाजारभावाने तिची किंमत ठरविता येते. परंतु तेवढ्या पैशात दुसरीकडे तशी जमीन उभी करता येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर विक्रेता स्वखुशीने विकत नसतो तेव्हा बाजारभाव हे त्याच्या नुकसानीचे माप नसते, कारण बाजारभाव विकण्यास तयार असलेल्या माणसांच्या व्यवहारातून ठरतो.

जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीच्या माणसांनी शेतांतून चाचणीचे चर खणावयास प्रारंभ केला. त्यास अडविणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या इंजिनिअरने पिस्तूल रोखल्याची हकिकत या लढ्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. सभा झाल्या, ठराव झाले, अर्ज गेले. अखेर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. काही आठवड्यांनी कंपनीने सहा महिन्यांसाठी काम थांबविण्याचे मान्य केले. महात्मा गांधींनीही त्याच महिन्यात आपल्या साप्ताहिकातून टाटांना गरिबांच्या इच्छेविरुद्ध कायद्याचे हत्यार न वापरण्याची विनंती केली होती.

कायद्यात हरकतीला जागा नव्हती

त्या वेळचा कायदा काय म्हणत होता, हे पाहिल्याखेरीज या लढ्याचा अर्थ लागत नाही. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये सरकारला खाजगी कंपनीसाठीही जमीन घेता येत असे. एखाद्या जमिनीची आवश्यकता सार्वजनिक कामासाठी किंवा कंपनीसाठी आहे, असे सरकारने एकदा जाहीर केले की ते जाहीरनामापत्रच निर्णायक पुरावा मानले जाई. जमीनधारकाला बोलाविले जाई ते त्यानंतर. मोजणी चुकली आहे काय, मोबदला किती हवा, तो कोणाकोणात वाटावयाचा, एवढ्यापुरतेच त्याला बोलता येई. जमीन घेऊच नये, धरणाची जागा बदलावी, उंची कमी करावी किंवा हे काम खरोखर सार्वजनिक हिताचे आहे काय ते तपासावे, असे म्हणण्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नव्हती. बाजारभाव आणि त्यावर सक्तीबद्दल शेकडा पंधरा टक्के एवढे दिले की सरकारचे कर्तव्य संपे. पुनर्वसन हा शब्दच त्या कायद्याला ठाऊक नव्हता.

म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्याला किंमतीविषयी तक्रार करता येत होती, निर्णयाविषयी हरकत घेता येत नव्हती. ज्या हरकतीला कचेरीत जागा नव्हती, ती धरणाच्या पायावर जाऊन बसली, इतका हा सरळ कार्यकारणभाव आहे. लढा ऐन भरात असताना, १९२३ साली, त्या कायद्यात पाच-अ हे नवे कलम घालण्यात आले. प्राथमिक जाहीर सूचनेनंतर तीस दिवसांच्या आत संपादनालाच लेखी हरकत घेण्याचा आणि कलेक्टरपुढे बाजू मांडण्याचा हक्क त्याने प्रथमच दिला. या दुरुस्तीचे श्रेय एकट्या मुळशीला देण्याचे कारण नाही. परंतु राज्यकर्त्यांनाही जुन्या कायद्यातील उणीव जाणवली होती, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मुळशीच्या दृष्टीने मात्र हा हक्क फार उशिरा आला. शिवाय तो दुबळाच होता, कारण हरकत ऐकणारा कलेक्टर सरकारचा नोकर आणि अंतिम निर्णय देणारे पुन्हा सरकारच.

जमीन कोणाची, घाम कोणाचा

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचे दुसरे पर्व आरंभले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते आरंभापासून लढ्यात होते. पुढे सूत्रे बापटांकडे आली. स्त्रियांसह अनेकांनी तुरुंगवास भोगला, बापटांनाही शिक्षा झाली. परंतु लढा कमजोर झाला तो केवळ सरकारी दडपशाहीने नव्हे. मावळातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडली होती किंवा त्यांच्या नावावर झाली होती. या सावकारांच्या दृष्टीने जमीन ही गुंतवणूक होती. चांगला मोबदला मिळत असेल तर पैसे घेऊन मोकळे होण्यात त्यांचा तोटा नव्हता. उलट अडकलेली रक्कम सुटत होती. आरंभी विरोधात असलेला हा वर्ग मोबदल्याची बोलणी सुरू होताच त्या बाजूला झुकला. कसणाऱ्या कुळाचे काय? त्याच्याजवळ कागद नव्हता, असला तर कर्जाचा होता. कागदाच्या धन्याचे समाधान झाले आणि घामाच्या धन्याचे म्हणणे हवेत विरून गेले.

मुळशीचा हा धडा सर्वांत महत्त्वाचा असूनही तो सर्वांत कमी सांगितला जातो. नुकसानभरपाई आणि हरकत या दोन भिन्न गोष्टी आहेत. भरपाई मालकीला मिळते. हरकत उपजीविकेची असते. भूमिहीन मजूर, कूळ, गावचा सुतार, लोहार, नदीकाठी गुरे चारणारा धनगर यांचे जगणे त्याच जमिनीवर अवलंबून असते, पण भरपाईच्या यादीत त्यांची नावे नसतात किंवा अगदी तळाशी असतात. बहुसंख्य खातेदारांनी पैसे स्वीकारले म्हणजे प्रदेशाने संमती दिली, असा निष्कर्ष मुळशीत काढला गेला आणि पुढे अनेक प्रकल्पांत काढला जात राहिला.

रुळांवरचे दगड

साथ तुटत चालली तसा बापटांचा मार्ग अधिक एकाकी आणि अधिक उग्र झाला. सत्याग्रहाविषयीची त्यांची कल्पना गांधींच्या कल्पनेशी पूर्णपणे जुळणारी नव्हती. अन्यायाच्या साधनांचा नाश करावा, मात्र पळून न जाता शिक्षा भोगावी, असा त्यांचा विचार होता. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. त्या प्रसंगी शस्त्रही चालले आणि माणसे जखमी झाली. बापट पळाले नाहीत. त्यांनी स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. ते बाहेर आले १९३१ साली. तोपर्यंत धरण पुरे होऊन चार वर्षांपूर्वी, १९२७ साली, भिरा येथील केंद्रातून वीज मुंबईकडे वाहू लागली होती.

या प्रसंगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गाडीतील मजूर हेही पोटासाठी आलेले गरीबच होते आणि त्यांच्या रक्ताने मावळातील एकही खाचर वाचले नाही. अहिंसेची मर्यादा सुटल्यामुळे लढ्याला उरलीसुरली सहानुभूतीही गमवावी लागली. परंतु बापटांना दोष देऊन थांबणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे होय. ज्या व्यवस्थेने अर्ज वाचला नाही, सभेची दखल घेतली नाही, शांतपणे बसलेल्या माणसांना तुरुंगात टाकले आणि कायद्यात हरकतीसाठी जागाच ठेवली नाही, तिने रुळांवरचे दगड जवळ आणले. हरकतीची सुनावणी ही सरकारने नागरिकावर केलेली मेहेरबानी नसते, तर सार्वजनिक शांततेचा तो सर्वांत स्वस्त विमा असतो, हे मुळशीने महाग किंमत देऊन सिद्ध केले.

बापटांचे पुढील आयुष्य पराभूताचे नव्हते. १९३१ मध्ये ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, लगेच भाषणाबद्दल पुन्हा तुरुंगात गेले आणि १९३७ साली सुटले. १९३९ नंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातील नेतृत्व त्यांनी केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ साली, वयाच्या पंच्याहत्तरीत, गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते पुढे होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

हिशेब अजून मिटलेला नाही

मुळशीच्या विजेने मुंबईचे कल्याण केले नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. गिरण्या चालल्या, आगगाड्या धावल्या, लाखोंना रोजगार मिळाला, आणि जवळजवळ शंभर वर्षे ती वीज मिळत आहे. परंतु लाभ आणि त्याग यांचे वाटप एकाच ताजव्यात मोजले गेले नाही. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी पश्चिमेस वळले, लाभ शहराला मिळाला, आणि बुडितातील माणसे तलावाच्या काठावरील डोंगरांत किंवा परमुलखांत विखुरली. ज्या गिरण्यांसाठी हे घडले, त्यांतील बहुतेक १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. दादर ते लोअर परळ या गिरणगावातून जाणाऱ्या, एके काळी तुळशी पाईप रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याला आज सेनापती बापट यांचेच नाव आहे. त्याच्या दुतर्फा गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि त्या जमिनींना आलेली किंमत त्यांच्या मालकांच्या पदरी पडली. मुळशीच्या जमिनीला १९२० च्या दशकात जो भाव मिळाला, तो मात्र कायमचाच ठरला. सार्वजनिक हिताची व्याख्या काळानुसार बदलते. बुडालेली जमीन परत येत नाही.

कायदा पुढे आला आहे, हे नाकारता येत नाही. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. पर्यावरणीय परवानगीपूर्वी जाहीर सुनावणी घेण्याची पद्धत १९९७ पासून सुरू झाली. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने १८९४ चा कायदा रद्द केला, सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक ठरविले, हरकतीची मुदत तीस दिवसांवरून साठ दिवसांवर नेली, आणि खाजगी कंपनीसाठी संपादन करताना शेकडा ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती अनिवार्य केली. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कुळे आणि शेतमजूर यांनाही स्थान मिळाले. मुळशीला जे हवे होते ते नव्वद वर्षांनी कागदावर आले. मात्र त्याच कायद्याने अणुऊर्जा, कोळसाक्षेत्र, वीज, रेल्वे यांसारख्या तेरा कायद्यांखालील संपादनाला संमती व मूल्यमापन यांच्या अटींतून बाहेर ठेवले. ऊर्जेच्या प्रश्नावर हरकतीची गरज सर्वाधिक असताना तेथेच दार अर्धे लोटलेले असावे, ही विसंगती लहान नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. कोळशाची जागा सूर्य, वारा आणि पाणी यांनी घ्यावी, हे धोरण योग्यच आहे. त्या धोरणाचा भाग म्हणून सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी २०२३ पासून राज्य शासनाने मोठे करार केले आहेत. खालच्या जलाशयातील पाणी वर चढवून ठेवावयाचे आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडून वीज निर्माण करावयाची, ही त्यामागील योजना. शंभर वर्षांपूर्वीच्या जलविद्युतेप्रमाणेच हीदेखील स्वच्छ शक्ती आहे, राष्ट्रहिताची आहे, आणि तिलाही जमीन लागणार आहे. उद्दिष्ट चांगले आहे म्हणून सुनावणी आटोपती घ्यावी, हा मोह शासनाला होणे स्वाभाविक आहे. १९२१ साली तो झाला होता.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. हरकत मागविली जावी ती निर्णय होण्यापूर्वी. जागा ठरून, करार होऊन, यंत्रांची मागणी नोंदविल्यानंतर नव्हे. प्रकल्पाचा अहवाल लोकांच्या भाषेत आणि त्यांच्या गावात उपलब्ध असावा. हरकत ऐकणारा अधिकारी प्रकल्प मंजूर करणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे, मग ते उत्तर नकाराचे का असेना. आणि ज्याच्या नावावर जमीन नाही, परंतु ज्याचे पोट तिच्यावर आहे, त्याची हरकत खातेदाराच्या हरकतीइतकीच नोंदली जावी. यामुळे काही प्रकल्पांना विलंब होईल, एखादा रद्दही होईल. पण जो प्रकल्प अशा चौकशीपुढे टिकत नाही, त्याच्या हिशेबात कोठेतरी दुसऱ्याचे नुकसान शून्य धरलेले असते. यंत्रविद्या शिकावयास गेलेल्या एका बुद्धिमान मराठी माणसाने आपल्या उमेदीची दहा वर्षे त्या एका शून्याविरुद्ध वेचली. तो आकडा शून्य नव्हता, एवढे तरी पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या कागदावर नोंदले गेले पाहिजे.